कोपऱ्यावरचे दुकान

इंग्लंडच्या मध्यभागातील कोणत्याही कारखानदारी शहरात, लाल विटांच्या आणि भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या दोन ओळी जेथे काटकोनात मिळतात तेथे, वळणावरच्या घराच्या तळमजल्यात एक लहानसे दुकान असते. दूध, पाव, वर्तमानपत्रे, तंबाखू, काड्यापेट्या, मुलांच्या गोळ्या आणि सुई-दोरा असा परस्परांशी काहीही नाते नसलेला माल तेथे एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेला असतो. आणि शहरातील मोठ्या पेढ्यांची दारे सायंकाळी लागली, की या दुकानाचा दिवा रात्री उशिरापर्यंत एकटा जळत राहतो. १९७० नंतरच्या काळात या दिव्यामागे, गल्ल्यावर, पंजाबी किंवा गुजराती चेहरा दिसणे ही त्या देशातली नित्याची गोष्ट झाली. पहाटे माल उतरवून घ्यायचा, रात्री हिशेब मिटवायचा, आणि घरातील प्रत्येक माणसाने, शाळकरी मुलानेसुद्धा, फावल्या वेळी गल्ला सांभाळायचा, अशा परिश्रमांवर तो व्यवसाय उभा होता. ज्यांनी हे परिश्रम केले त्यांच्या पदरात मात्र कृतज्ञतेऐवजी एक उपहासाचे नाव पडले. हिंदी वंशाचा माणूस म्हटला की तो कोपऱ्यावरचा दुकानदारच असावयाचा आणि त्याला दुसरे काही येत नसावयाचे, असा ठसा इंग्रजी लोकमानसात पक्का झाला.

१९९१ साली चार तरुणांनी एक वाद्यवृंद उभारला आणि त्याला, जाणूनबुजून, हेच नाव दिले: कॉर्नरशॉप. त्या नावाच्या पाटीखाली पुढील तीन दशके जे संगीत निर्माण झाले, त्यात पंजाबी लोकगीताची लय, अमेरिकन रस्त्यांवरची ठेक्याची कविता, जमैकाचा संथ ताल, विद्युत्-गिटारीचा खरखरीत गुंजारव आणि तंबोऱ्याचा अखंड षड्ज ही सर्व सामग्री त्या दुकानातल्या मालाप्रमाणे एकाच फळीवर मांडलेली आढळते. मराठी वाचकाला या वाद्यवृंदाची ओळख असलीच तर ती एका गीतामुळे आहे, आणि ते गीत सांगली जिल्ह्यातील गोवार या गावी जन्मलेल्या एका गायिकेवर आहे. परंतु त्या एका गीताच्या पुढे-मागे जी दीर्घ वाटचाल आहे ती जाणून घेतल्यावाचून त्या गीताचाही अर्थ पुरता उलगडत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा झाली आहे, आणि म्हणूनच हा प्रपंच.

एका शहराचे दप्तर

या वाद्यवृंदाचे सूत्रधार तजिंदर सिंग यांचा जन्म १९६८ साली वुल्व्हरहॅम्प्टन येथे झाला. त्या शहराचे त्या सुमाराचे दप्तर उघडून पाहिले, तर एका मुलाच्या जन्माला लाभलेली पार्श्वभूमी किती दाहक होती याची कल्पना येते. ओतकामाच्या कारखान्यांत आणि वाहतुकीच्या खात्यात मजूर हवे होते म्हणून पंजाबातून माणसे तेथे गेली होती. १९६७ साली त्यांच्यातील तरसेम सिंग संधू नावाचा बसचालक दाढी आणि पगडी धारण करून कामावर आला, तेव्हा नगरपालिकेच्या वाहतूक खात्याने नियमावर बोट ठेवून त्याला घरी पाठविले. शिखांनी मोर्चे काढले, अर्ज-विनंत्या केल्या, आणि तो मामला सुमारे दोन वर्षे धुमसत राहून अखेर १९६९च्या एप्रिलमध्ये बंदीचा हुकूम मागे घेण्यात आला. या दोन वर्षांच्या मधोमध, २० एप्रिल १९६८ रोजी, त्याच शहराच्या नैर्ऋत्य मतदारसंघाचे प्रतिनिधी इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांच्या विरोधात आपले कुप्रसिद्ध भाषण केले आणि त्यात शिखांच्या या आग्रहाचाही उल्लेख केला. भाषणाबद्दल त्यांना विरोधी पक्षाच्या छाया-मंत्रिमंडळातून काढून टाकण्यात आले. पण त्यांनी उच्चारलेली भीती मात्र गल्लीबोळांतून राहिलीच, आणि पुढील वीस वर्षे हिंदी मुलांच्या पाठीवर ती दगडांच्या आणि शिव्यांच्या रूपाने पडत राहिली.

अशा शहरात वाढणाऱ्या मुलाचे कान मात्र घरात एका वेगळ्याच शाळेत घडत होते. गुरुद्वारातील कीर्तन, लग्नाच्या वेळची ढोलकी, वडीलधाऱ्यांनी जपून ठेवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या, नभोवाणीवरून येणारे इंग्रजी पॉप संगीत, शेजारच्या वेस्ट इंडियन वस्तीतून ऐकू येणारे रेगे, हे सर्व ध्वनी त्या पिढीच्या घरांत एकाच भिंतीवर आदळत होते. त्यांतील कोणता ध्वनी आपला आणि कोणता परका, असा प्रश्न विचारण्याची सवय मोठ्या माणसांना असते. मुलाच्या कानाला ती नसते. कॉर्नरशॉपच्या संगीतातील मिश्रणाचे मूळ शोधू पाहणाऱ्याने संगीतशास्त्राच्या ग्रंथांत शिरण्याआधी या घरातल्या ऐकण्यापाशी थांबले पाहिजे.

१९८७ साली तजिंदर सिंग शिक्षणासाठी प्रेस्टन येथील पॉलिटेक्निकमध्ये गेले आणि तेथे त्यांची गाठ बेन एअर्स या तरुणाशी पडली. एअर्स यांचा जन्म कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचा. तेथे या दोघांनी डेव्हिड चेंबर्स या ढोलवादकासह ‘जनरल हॅव्हॉक’ नावाचा एक वाद्यवृंद चालविला, आणि पुढे तजिंदर यांचे बंधू अवतार येऊन मिळाल्यावर लेस्टर या शहरात कॉर्नरशॉपचा जन्म झाला. लेस्टरलाही या कथेत स्वतःचे स्थान आहे. १९७२ साली युगांडाच्या इदी अमीनने तेथील हिंदी लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत देश सोडण्याचे फर्मान काढले, तेव्हा ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे २८,००० निर्वासितांपैकी कित्येकांची दृष्टी या शहराकडे होती. आणि याच शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन त्यांना येथे येऊ नका असे कळविले होते. ते आले, त्यांनी दुकाने उघडली, आणि आज त्यांच्यावाचून त्या शहराची कल्पनाही करता येत नाही. ज्या गावात हे घडले, त्याच गावात एका वाद्यवृंदाने दुकानाचे नाव धारण करून व्यासपीठावर पाऊल ठेवावे, यात मला एक काव्यमय न्याय दिसतो.

स्वतंत्र पेढीचा माल

‘इंडी’ हा शब्द आता एका संगीतशैलीचा वाचक झाला असला, तरी मूळचा तो व्यवहाराचा शब्द आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर राहून, थोड्या भांडवलावर तबकड्या काढणाऱ्या ज्या स्वतंत्र पेढ्या १९७७च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघाल्या, त्यांच्या मालाला हे नाव पडले. दुकानदारच प्रकाशक, मित्रच वितरक, आणि बीबीसीच्या ‘रेडिओ वन’ या नभोवाणी केंद्रावर रात्री उशिरा तबकड्या लावणारे जॉन पील हे या सर्व मंडळींचे आश्रयदाते, अशी ती व्यवस्था होती. कॉर्नरशॉपला आश्रय देणारी पेढीही अशाच एका तबकड्यांच्या दुकानातून निघालेली होती. लंडनच्या टॅल्बट रोडवरील रफ ट्रेड या दुकानाच्या टपाल-क्रमांकातील अक्षरे आणि अंक एकत्र वाचून तिने ‘विजा’ हे नाव घेतले होते. ज्याच्या नावातच दुकान आहे अशा वाद्यवृंदाचे पहिले प्रकाशन एका दुकानाच्या पत्त्याने केले, हा केवळ योगायोग असला तरी शोभून दिसणारा आहे.

१९९३ साली त्यांची पहिली छोटी तबकडी निघाली. तिचा रंग मसालेदार रश्श्यासारखा पिवळट-तपकिरी ठेवण्यात आला होता, कारण हिंदी माणसाच्या अंगाला रश्श्याचा वास येतो हा टोमणा त्या पिढीने शाळेच्या अंगणात ऐकला होता, आणि दुकानाच्या नावाप्रमाणेच तोही त्यांनी आपल्या पाटीवर लावून घेतला. त्या काळातील त्यांच्या वादनात सफाई नव्हती. गिटारीचा कल्लोळ आणि त्यामागून येणारे अस्फुट शब्द यांनी ऐकणारा गोंधळून जाई. पण त्या कल्लोळात एक नैतिक आवेश होता. मॉरिसी या लोकप्रिय गायकाच्या १९८८च्या एका गीतात बंगाली स्थलांतरिताला उद्देशून लिहिलेले शब्द या तरुणांना लागले होते. १९९२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये तोच गायक व्यासपीठावर राष्ट्रध्वज अंगाभोवती घेऊन आला आणि त्या ध्वजाचा उपयोग वर्णद्वेष्ट्या टोळ्या करीत असल्यामुळे मोठा वाद माजला. तेव्हा कॉर्नरशॉपच्या मंडळींनी त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कचेरीबाहेर उभे राहून त्याचे चित्र जाळले. वृत्तपत्रांनी ती बातमी केली. ज्या गायकाच्या वाद्यवृंदाची गाणी इंडी संगीताच्या प्रत्येक रसिकाला मुखोद्गत होती, त्याला त्याच संगीताच्या अंगणातून जाब विचारण्यासाठी किती धैर्य लागले असेल, हे आज सहजी लक्षात येणार नाही.

पहिली मोठी तबकडी १९९४ची, दुसरी १९९५ची. या दोहोंच्या दरम्यान त्यांच्या संगीताला स्वतःचा श्वास सापडला. दुसऱ्या तबकडीवर जालंधरचे नाव असलेले आणि पंजाबीत गायलेले एक दीर्घ गीत आहे. एकच स्वरसमूह, एकच ठेका, तंबोऱ्याचा आणि गिटारीचा एकत्र झालेला गुंजारव, आणि त्यावर उपासनेसारखी पुनःपुन्हा येणारी ओळ, एवढ्या सामग्रीवर ते चालते. पाश्चात्त्य श्रोत्याला त्यात न्यूयॉर्कच्या १९६०नंतरच्या प्रयोगशील वाद्यवृंदांची एकसुरी धून आठवते, तर आपल्याकडील श्रोत्याला पहाटेच्या भजनातील ती अवस्था आठवते, ज्या अवस्थेत चाल बदलण्याची इच्छाच उरत नाही. या दोन आठवणींपैकी एकही चुकीची नाही. टॉकिंग हेड्स या वाद्यवृंदाचे प्रमुख डेव्हिड बर्न यांना या मंडळींचे काम आवडले आणि अमेरिकेत आपल्या लुआका बॉप या संस्थेतर्फे त्यांनी ते प्रसिद्ध केले. डेव्हिड चेंबर्स आणि अवतार सिंग हळूहळू बाजूला झाले. निक सिम्स ढोलांवर आले, अँथनी सॅफरी सतार व कळफलकाच्या वाद्यांवर, तर पीटर बेंग्री तालवाद्यांवर. शीख तरुण गिटार वाजवीत गातो आहे आणि त्याच्या बाजूला न्यूफाउंडलंडचा गोरा तरुण तंबोरा छेडतो आहे, हे दृश्य त्यांच्या मैफलीत नित्याचे झाले, आणि त्यात काही विशेष आहे असे त्या दोघांच्या वागण्यात कधी दिसले नाही.

भरून वाहणारी आशा

१९९७च्या सप्टेंबरमध्ये त्यांची तिसरी मोठी तबकडी प्रसिद्ध झाली. ‘सातव्यांदा जन्मलो तेव्हा’ असा तिच्या नावाचा आशय, आणि आत खरोखरच सात जन्मांची सामग्री. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग, जे १९६२-६३ साली हिंदुस्थानात येऊन काशीला राहिले होते आणि या तबकडीच्या प्रकाशनापूर्वी पाच महिने, एप्रिलमध्ये, निवर्तले, त्यांच्या स्वतःच्या आवाजातील कविता तीत आहे. पॉला फ्रेझर या अमेरिकन गायिकेबरोबरचे, गावाकडे परतणाऱ्या प्रवाशाचे, कंट्री वळणाचे युगुलगीत आहे. काही गीतांना डॅन द ऑटोमेटर या हिप-हॉप निर्मात्याचा हात लागलेला आहे. आणि शेवटी बीटल्सच्या १९६५ सालच्या ‘नॉर्वेजियन वुड’चे पंजाबी रूप आहे. त्या मूळ गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजविली होती आणि त्या सतारीने पाश्चात्त्य तरुणांना पूर्वेची ओढ लावली होती. बत्तीस वर्षांनी वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका पंजाबी मुलाने ते गीत आपल्या आईच्या भाषेत गाऊन परत केले. उसनवारीचा असा निर्मळ आणि प्रसन्न हिशेब संगीताच्या इतिहासात क्वचितच मांडला गेला असेल. अमेरिकेतील स्पिन या मासिकाने वर्षाच्या उत्कृष्ट तबकड्यांत तिला पहिले स्थान दिले.

त्याच तबकडीवर आशाबाई भोसल्यांचे गीत आहे, आणि गीताच्या नावात ‘आशा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ओतप्रोत भरलेले आहेत. रचना अत्यंत साधी: गिटारीवर तीन स्वरसंघांचे आवर्तन आणि संथ, किंचित झुलता ठेका. शब्दांत मात्र एका घराची संपूर्ण मालमत्ता नोंदलेली आहे. मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी छोटी तबकडी, आकाशवाणी, टू-इन-वन, लतादीदी आणि महंमद रफी, फ्रान्सचे जाक द्युत्रों, इंग्लंडचे मार्क बोलन, जमैकाचे संगीत इंग्लंडात पसरविणारी ट्रोजन ही संस्था, अशी नावे एकामागून एक येत राहतात, कुणाला मानाचे पान नाही, कुणाला वळचण नाही. पडद्यावर नटी नाचते आहे आणि पडद्यामागे गाणारी बाई दिसत नाही, परंतु जी दिसत नाही तीच स्वप्न जिवंत ठेवते, हा त्या गीताचा गाभा आहे. सरकारच्या सूचनांची आणि धरणांचीही त्यात आठवण आहे, कारण ज्यांची स्वप्ने सिनेमाच्या काळोखात टिकून राहतात त्यांचे दिवसाचे जगणे कसे असते हे कवीला ठाऊक आहे. ठेक्याच्या भरात गायक आशाबाईंना पंजाबीत ‘आपली राणी’ म्हणून जातो.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. आशाबाईंची गोष्ट आपल्याला पाठ असते. मास्टर दीनानाथांच्या घरातील त्यांचा जन्म, वडिलांच्या अकाली निधनानंतर पोरवयातच अंगावर पडलेला संसाराचा भार, १९४३ सालच्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी वयाच्या दहाव्या वर्षी गायलेले पहिले गीत, ही सारी आपल्या घरातली हकीकत वाटते. ज्या पंजाबी कुटुंबाने त्यांचा आवाज वुल्व्हरहॅम्प्टनला ऐकला, त्याला यांतील काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापाशी होता तो केवळ स्वर, आणि परमुलखातील थंडीत तो स्वर ऊब देत होता.

आणि तो स्वर ज्या गीतांतून आला ती गीते तरी कोणत्या एका मुलखाची होती? १९५०नंतरच्या दोन दशकांत आशाबाईंनी ओ. पी. नय्यर यांच्यासाठी जी गाणी गायली, त्यांचे संगीतकार लाहोरचे, ठेक्यात पंजाबी मातीची उसळी, गायिका मराठी, आणि त्या गाण्यांचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. गोव्यातील चर्चच्या पाठशाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले वादक मुंबईला येऊन रात्री हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना शिकविले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय तुतारीवादकाने सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांना जाझचा झोक दिला. तात्पर्य, कॉर्नरशॉपच्या मुलांनी ज्या तबकड्यांना ‘आपल्या’ म्हटले त्या मुळातच गोवा, पंजाब, महाराष्ट्र, लॅटिन अमेरिका आणि न्यू ऑर्लिन्स यांच्या संगमावर घडलेल्या होत्या. शुद्ध पूर्व आणि शुद्ध पश्चिम यांचे मीलन या वाद्यवृंदाने घडविले, असे जे स्तुतीच्या भरात म्हटले जाते ते म्हणूनच मला मान्य होत नाही. त्यांच्या घरात आलेला मालच अगोदर मिसळलेला होता. तो वेगळा करून दाखवा, ही जगाची मागणी त्यांनी नाकारली. आणि त्या नकारात त्यांचे सारे कर्तृत्व सामावलेले आहे.

एका आठवड्याचे सिंहासन

हे गीत १९९७ साली प्रथम स्वतंत्रपणे निघाले तेव्हा ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते साठाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. परंतु जॉन पील यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीस जी पन्नास गीतांची यादी निवडली, तिच्यात त्यांनी त्याला पहिला क्रमांक दिला. जाणकारांचा कौल असा एका बाजूला आणि बाजाराचा दुसऱ्या बाजूला असताना नॉर्मन कुक यांनी, जे फॅटबॉय स्लिम या नावाने नृत्यसंगीतात ख्यातकीर्त झाले, त्या गीताचे पुनर्रचित रूप तयार केले. त्यांनी त्याची गती वाढविली, गायकाचा स्वर त्यामुळे वर चढला, आणि झुलत्या ठेक्याच्या जागी भरधाव ढोल आले. १९९८च्या फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात ते रूप ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसले. त्याच्या आधीच्या आठवड्यात तेथे ‘टायटॅनिक’ चित्रपटातील सेलीन डियॉन यांचे गीत होते आणि नंतरच्या आठवड्यात मॅडोना आल्या. या दोन साम्राज्यांच्या मध्ये एक आठवडाभर, ज्या देशात पगडीसाठी बसचालकाला घरी पाठविले गेले होते त्या देशातील प्रत्येक नृत्यगृहात, प्रत्येक मोटारीत आणि प्रत्येक दुकानात आशा भोसले हे नाव दुमदुमत राहिले.

या यशाचा आनंद निर्भेळ होता, तरी त्याचा जमाखर्च मांडला पाहिजे. मूळ गीतात ऐकणाऱ्याला बसून आठवण काढायला अवधी होता; नव्या रूपात पायांना उसंत नव्हती. जगाने जे डोक्यावर घेतले ते दुसऱ्याच्या हाताने धावते केलेले रूप, आणि ज्यांचे ते गीत होते त्यांच्याकडून पुढे तशाच धावत्या गीतांची अपेक्षा होऊ लागली. काळही अनुकूल आणि म्हणूनच धोक्याचा होता. १९९६ साली कूला शेकर या गोऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदाची संस्कृत शब्दांची गीते पहिल्या दहांत गेली होती. लंडनमध्ये तल्विन सिंग, नितीन साहनी, एशियन डब फाउंडेशन यांच्यासारखे समर्थ कलावंत आपापल्या मार्गाने पुढे येत होते. आणि हिंदी असणे ही काही दिवसांची फॅशन ठरण्याची चिन्हे दिसत होती. वृत्तपत्रांनी या हिंदी वंशाच्या सर्व कलावंतांची एकच मोट बांधली, वास्तविक त्यांचे साम्य त्वचेच्या वर्णापुरतेच होते. अशा वेळी यशस्वी माणसाने आपल्या यशाची दुसरी, तिसरी, चौथी प्रत काढावी हा व्यापाराचा दंडक आहे.

कॉर्नरशॉपने तो मानला नाही. सिंग आणि एअर्स यांनी ‘क्लिंटन’ या वेगळ्याच नावाने डिस्कोच्या अंगाची एक तबकडी काढली, आणि मूळ नावाने पुढची तबकडी प्रसिद्ध करावयाला २००२चे साल उजाडू दिले. तिच्या आरंभी शिकागोचे सोल गायक ओटिस क्ले, एखाद्या मैफलीच्या निवेदकाप्रमाणे, श्रोत्यांचे स्वागत करतात. आत रेगे आहे, डिस्को आहे, आणि सुमारे चौदा मिनिटे चालणारा, सतारीचा आणि गिटारीचा एक संथ प्रवाह आहे, ज्यात ओएसिसचे नोएल गॅलाघर यांनी वादन केले आहे. समीक्षकांनी तिची प्रशंसा केली. विक्रीच्या सिंहासनावर मात्र तो वाद्यवृंद पुन्हा कधी बसला नाही. मला असे वाटते की, तेथे पुन्हा बसण्यासाठी जी किंमत मागितली जात होती ती त्यांनी नीट मोजून पाहिली आणि पाकीट परत खिशात ठेवले.

स्वतःचा गल्ला

२००९ सालच्या तबकडीपासून त्यांनी ‘ॲम्पल प्ले’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था चालविली. ज्यांनी दुकानाचे नाव घेतले होते त्यांनी आता खरोखरच दुकान टाकले. ध्वनिमुद्रण, वेष्टन, विक्री, पत्रव्यवहार असा सगळा कारभार आपल्या हाती घेतला, आणि फळीवर आपल्याबरोबर इतरांचाही माल ठेवला. या काळातील त्यांचे सर्वांत हृद्य काम मला २०११ सालचे वाटते. बबली कौर या गायिकेबरोबर त्यांनी ती संपूर्ण तबकडी पंजाबीत केली. बबली कौर या व्यावसायिक कलावंतांच्या जगातल्या नव्हत्या. लोकगीते घरात जशी गायिली जातात तशी, आवाज न सजवता, त्या गातात. त्यांच्या गाण्याभोवती सिंग आणि एअर्स यांनी हिप-हॉपचे तुटक ठेके आणि जुन्या सिंथेसायझरचे गमतीदार स्वर रचले. माजघरातील गाणे दिवाणखान्यात आणताना त्याला नटवावे लागते ही समजूत या तबकडीने खोटी ठरविली. ज्या संगीतकारांनी पडद्यामागच्या गायिकेला वंदन करून कीर्ती मिळविली होती, त्यांनी चौदा वर्षांनी स्वतः मागे सरून एका अपरिचित गायिकेला पुढे उभे केले.

२०१२ साली आणखी एक तबकडी निघाली. २०१५ साली त्यांनी आपल्या १९९४च्या पहिल्या, कल्लोळाने भरलेल्या तबकडीची गीते एका मोठ्या सुषिर-वाद्यवृंदाकडून, शांत आणि लडिवाळ वळणाने पुन्हा वाजवून घेतली. तरुणपणीच्या आरोळीतही एक गोड चाल दडलेली होती, हे कारकीर्दीच्या पंचवीस वर्षांजवळ पोहोचलेल्या माणसांनी जगाला आणि बहुधा स्वतःलाही ऐकविले.

आणि मग, ६ मार्च २०२० रोजी, ‘इंग्लंड हा एक बगीचा आहे’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी तबकडी आली. युरोपीय संघातून बाहेर पडून ब्रिटनला पाच आठवडे झाले होते, आणि सतरा दिवसांनी महामारीमुळे सगळ्या देशाची दारे बंद व्हावयाची होती. या तबकडीत बासरी आहे, पक्ष्यांचा किलबिलाट आहे, ढोलकी आहे, गिटारीचा दमदार ठेका आहे. वरून ती वसंतातील दुपारीसारखी प्रसन्न आहे. परंतु तिच्यातील एका गीताच्या नावात ‘वॉग’ हा शब्द आहे, जो इंग्रजीत काळ्या-सावळ्या माणसाला घातलेली शिवी आहे. १९९५ सालच्या त्यांच्या तबकडीवरही एका गीताचे नाव हाच शब्द होता. पंचवीस वर्षांनी तोच शब्द पुन्हा घ्यावा लागतो, कारण तो शब्द रस्त्यावरून गेलेला नाही, आणि तरीही त्या शब्दासकट या देशाला बगीचा म्हणावयाचे, त्याच्या मातीत आपण लावलेल्या रोपांवर आपला हक्क सांगावयाचा, यात कडवटपणावर मिळविलेला एक विलक्षण विजय आहे. दाराबाहेर ‘परत जा’ असे खडूने लिहिलेले असते. ते पुसावयाचे, आणि सकाळी दूध-पाव घेऊन दुकान वेळेवर उघडावयाचे. इंग्लंडातील हिंदी दुकानदारांनी अनेक वर्षे हेच केले, आणि कॉर्नरशॉपने आपल्या संगीतात हेच केले आहे.

त्यांच्या या कारकीर्दीकडे मागे वळून पाहताना माझे मन पुनःपुन्हा त्या पंजाबी ‘आपल्या’पाशी येऊन थांबते. इंग्रजीत सर्वांना मिळून एकच ‘अवर’ आहे. आपल्या मराठीने मात्र या ठिकाणी दोन शब्द राखून ठेवले आहेत: ज्यातून ऐकणारा वगळला जातो तो ‘आमचा’, आणि ज्यात ऐकणाऱ्यालाही जागा आहे तो ‘आपला’. आशाबाईंविषयी बोलताना आपण कित्येकदा अभिमानाने ‘आमच्या आशाबाई’ म्हणतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका घरात, बाहेर शिव्या आणि आत पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी असताना, ज्या मुलाने हा स्वर कानांत साठवून ठेवला आणि मोठेपणी तो साऱ्या इंग्लंडला म्हणावयाला लावला, त्याच्यासमोर बोलताना कोणता शब्द वापरावयाचा, हे आता ठरवावे लागेल. ते गीत मी पुन्हा लावतो, मूळचे, संथ, झुलत्या ठेक्याचे. आणि माझ्या तोंडून आपोआप ‘आपल्या आशाबाई’ असेच शब्द निघतात.